शहागडातला वॉकओव्हर

निकाल आला तेव्हा दुर्गाबाईच्या कढईतला भज्यांचा घाणा निम्माच तळून झाला होता.

शहागड फाट्यावर, बीडकडं जाणारे ट्रक गोदावरीचा पूल लागायच्या आधी जिथं दम खातात, तिथं तिचं पत्र्याचं हॉटेल आहे. हॉटेलला पाटी नाही. पाटीची गरज कुणाला पडली नाही, कारण दुर्गाबाईचा आवाज डिझेल पंपापासूनच ऐकू येतो. त्या शनिवारी दुपारी मात्र जमलेली गर्दी भज्यांसाठी नव्हती. तिच्या लेकीनं, तृप्तीनं, आपला मोबाईल शेवेच्या बरणीला टेकवून उभा केला होता आणि अर्धा फाटा त्या वीतभर काचेवर वाकला होता. काचेवर दिसायचं काय? ना मैदान, ना चेंडू, ना माणूस. वर एका जोडीची आडनावं, खाली दुसऱ्या जोडीची, आणि शेजारी आकडे. आकडा पालटला की समजायचं, तिकडं तुर्कस्तानात कुणीतरी चेंडू मारला.

खालच्या जोडीतलं पहिलं आडनाव डोईफोडे. भारत कचरू डोईफोडे, दुर्गाबाईचा थोरला. हा टेनिस खेळतो, आणि तेही जोडीनं, डबल्स. टीव्हीवर दिसतात त्या बड्या स्पर्धा नव्हेत. त्याच धंद्याची ही सगळ्यात खालची पायरी. इथं खेळाडू आपली बॅग आपणच उचलतो, तिघं मिळून एक खोली घेतो, कपडे बेसिनमध्ये धुतो, आणि दर सोमवारी नव्या गावात नवी स्पर्धा. अशी कितीतरी गावं पालथी घातल्यावर भारत पहिल्यांदा फायनलला पोचला होता. जोडीदार बल्गेरियाचा, नाव स्तोयान. ते नाव शहागडात कुणाच्या जिभेला सरळ येईना. दुर्गाबाईनं फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच विचारलं, "कोण म्हणला? सोयाबीन?" झालं. त्या दिवसापासून गावाला तो सोयाबीन. सेमीफायनल जिंकल्यावर मळ्यात औषध फवारणारा माणूसही पाठीवरचा पंप न उतरवता विचारत होता, "सोयाबीननं हाणली का न्हाई शेवटची?"

आता आकडे हलत नव्हते.

"कामून हालंना गं?" दुर्गाबाईनं झारा हलवत विचारलं.

"सुरूच झाली न्हाई आई अजून."

"रेंज गेली का बघ."

"रेंज फुल हाये. तू तुझे भजे बघ."

मग काच एकदा लुकलुकली आणि आकड्यांच्या जागी इंग्रजीतली दोन अक्षरं आली. डब्ल्यू, मधे तिरकी रेघ, आणि ओ. वरच्या जोडीपुढं हिरवी खूण. तृप्तीनं फोन उचलला, जवळ धरला, लांब धरला. तिचा चेहरा उतरलेला सगळ्यांना दिसला.

"काय झालं?" गर्दीतून पुढं आलेल्या राधेश्यामनं विचारलं. राधेश्याम म्हणजे गावचा सरपंच. इस्त्रीचे पांढरे कपडे, सावलीतसुद्धा गॉगल. सकाळपासून तो हॉटेलात होता, आणि स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा पाजत होता, म्हणजे निवडणूक जवळ आली होती.

"वॉकओव्हर," तृप्ती म्हणाली. "दादाच्या जोडीनं वॉकओव्हर दिला. मॅच झालीच न्हाई."

टेनिस शहागडला शिकवावं लागलं. वॉकओव्हर शिकवावा लागत नाही. सोसायटीची निवडणूक असो, बाजार समितीची असो, ग्रामपंचायतीची असो. अर्ज कुणी भरला, कुणाच्या शेतात मटण शिजलं आणि दुसऱ्या दिवशी अर्ज कुणी मागं घेतला, हे इथं बालवाडीतलं पोरगंसुद्धा सांगतं. अर्ज ठेवणारा उभा. मागं घेणारा बसला. आणि बसणारा माणूस काही पाय दुखतात म्हणून बसत नसतो.

हॉटेलासमोर टेम्पो लावून दिवसभर गप्पा छाटणारा काकासाहेब सगळ्यात आधी बोलला. "म्हंजी मावशी, भारत बसला म्हणा की."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. दुसरा म्हणाला, "फॉरेनला रेट मोठा असंल."

दुर्गाबाईनं झारा कढईवर आपटला. गरम तेलाचे दोन थेंब तिच्या मनगटावर उडाले, तिला कळलंही नाही. "काकासाहेब, भजे खाल्लेस ना? ऊठ. आन ज्याला रेट काढायचा हाये त्यानं आधी आपल्या बापाचा काढावा, मंग मह्या पोराचा."

"मजाक केली मावशी."

"मजाक घरी बायकोसंग करायची."

हॉटेल हळूहळू रिकामं झालं. बाहेर जाऊन माणसं पुन्हा उभी राहिलीच, थोडी लांब, पंक्चरच्या दुकानापुढं. बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त हसणं येत होतं. कढईतली भजी काळी पडायला लागली तेव्हा तिचा नवरा कचरू मुकाट्यानं उठला आणि गॅस बारीक केला.

हा शब्द दुर्गाबाईला एवढा का झोंबला, ते गावाला ठाऊक होतं, म्हणून तर गावानं तो वापरला. मागच्या ग्रामपंचायतीला तिच्या वॉर्डातली जागा बाईला सुटली होती. राधेश्यामच्या गटानं ठरवलं, गाव बिनविरोध करायचं. बिनविरोध म्हणजे काय, तर राधेश्याम नावं सांगणार आणि गाव टाळ्या वाजवणार. दुर्गाबाईनं अर्ज भरला. मग तिला बसवायला माणसांची रीघ लागली. दीर आला, भाऊबंद आले, माहेरहून चुलता आणला. मारुतीच्या पारावर बैठक झाली. गावाच्या एकीसाठी बस, म्हणाले. मंदिराच्या कळसाचा सगळा खर्च आम्ही करतो, देवाचं नाव घेऊन बस, म्हणाले. ती म्हणाली, "एकीची एवढी घाई असंल तर तुमची बाई बसवा की. कळसाचे पैसे मी घालते." मोजणी झाली तेव्हा ती पडली, आणि चांगली सपाटून पडली. पण तहसीलच्या फाटकातून बाहेर आली ती गुलाल लागलेल्या माणसांपेक्षा ताठ. पडले पण बसले नाही, हे ती तेव्हापासून हॉटेलात येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर ऐकवत आली. परगावच्या ड्रायव्हरांनासुद्धा. त्या बिचाऱ्यांना काय घेणं? ते म्हणायचे, बराबर हाये बाई, साखर कमी टाका.

आणि आता तिचंच पोरगं, भर फायनलला.

तिनं भारतला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. व्हॉट्सॲपवरून लावला. वाजला, कुणी उचलला नाही. तृप्ती म्हणाली, "आई, दम धर ना जरा, त्याला कळंल तवा तो करील." दम धरणं हे काम दुर्गाबाईला कधी जमलेलं नाही. तिनं कांदे कापायला घेतले आणि दोन कापून तसेच टाकून दिले. ग्लास विसळले, विसळलेलेच पुन्हा विसळले. पदर खोचून हायवेपर्यंत गेली, एक कंटेनर अंगावरून गेल्यासारखा गेला, तशीच परत आली. परत येताना तिला दिसलं, फाट्यावरचा फ्लेक्स काढायला दोन माणसं बांबूवर चढली होती.

हा फ्लेक्स राधेश्यामनं आदल्या दिवशी लावला होता. 'शहागडचे सुपुत्र भारत डोईफोडे यांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या अंतिम फेरीत धडक, हार्दिक अभिनंदन.' सुपुत्राचा फोटो पासपोर्टएवढा, शुभेच्छुक राधेश्यामचा दरवाजाएवढा. आणि मधोमध, प्रिंटिंगवाल्याच्या कृपेनं, बॅडमिंटनची रॅकेट आणि पिसाचं फूल. काल दुर्गाबाईनं या फ्लेक्सवरून आकाशपाताळ एक केलं होतं. मह्या पोराच्या हातात कोंबडीची पिसं दिली म्हणून राधेश्यामला फोनवर झापलं होतं, आणि रात्री कुणाचं लक्ष नसताना तो फ्लेक्स फाडायचा म्हणत होती. आज मात्र ती धावत सुटली.

"हात लावू नका त्याला! उतरा खाली!"

"सरपंचानं सांगितलंय मावशी."

"सरपंचाला बोलवा हितं."

राधेश्याम बोलवावा लागला नाही, तो पंक्चरच्या दुकानापुढंच होता. आला, गॉगल डोक्यावर सारला. "दुर्गाबाई, उगं शोभा नको. लोक हसून राह्यलेत. संध्याकाळचा सत्काराचा कार्यक्रमबी मी कॅन्सल केला."

"फ्लेक्सवर काय लिहिलंय? अंतिम फेरीत धडक. मारली का न्हाई धडक? खोटं हाये का ते?"

"धडक मारली, पण मंग—"

"मंगचं मंग बघू. लिहिलंय ते खरं हाये ना? तर ऱ्हाऊ द्या. तुमच्या फोटोखाली आजवर लिहिलेलं एक तरी वाक्य खरं निघालं का? हे निघालंय, तर ते तुम्ही काढून राह्यला."

बांबूवरची माणसं हसली आणि खाली उतरली. राधेश्यामही हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. फ्लेक्स एका कोपऱ्यातून सुटला होता, तो तसाच वाऱ्यावर फडफडत राहिला. दुर्गाबाईनं वाद जिंकला. सरपंचाला गप्प करता येतं. स्वतःला काय सांगायचं? बसलाच असंल तर?

ती भारतला ओळखत होती, म्हणजे आपण ओळखतो असं तिला वाटत होतं. टेनिस तिच्या घरात आलं ते मागच्या दारानं. भारत लहान होता तेव्हा कचरू नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीचा टेम्पो चालवायचा आणि दुर्गाबाई तिथल्या साहेबलोकांच्या वसाहतीत टेनिसचं कोर्ट राखायची. मातीचं कोर्ट. झाडायचं, पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. संध्याकाळी व्यापारी, डॉक्टर, कंपनीचे साहेब खेळायला यायचे. एकट्यानं अख्खं मैदान पळणं त्यांच्या पोटांना झेपायचं नाही, म्हणून जोडीनं खेळायचे. जोडीला चार माणसं लागतात, आणि चौथा नेमका कमी पडायचा. कुणाच्या घरी लग्न, कुणाची शुगर वाढलेली. मग हाक यायची, "दुर्गाबाई, तुमच्या पोराला उभं करा हो!"

भारत उभा राहायचा. रॅकेट मागून घेतलेली, पाय अनवाणी. त्याच्या जोडीचे साहेब नेटजवळ जे थांबायचे ते तिथंच, आणि मागचं सगळं मैदान भारतचं. साहेबाचा चेंडू सुटला की भारत पळायचा, भारतचा सुटला की साहेब मान हलवायचे. जिंकले तर साहेब जिंकले. दुर्गाबाई कडेला पाण्याचा पाईप धरून उभी राहायची आणि तिचं रक्त उकळायचं. पण पोरगं मजेत होतं. जोडीदार कुठं कमी पडेल हे त्याला आधीच कळायचं, आणि तिथं तो आधीच पोचलेला असायचा. संभाजीनगरहून आलेल्या एका कोचच्या नजरेला तेच पडलं. पुढं पुण्याची अकॅडमी, मग हे गावोगावचं हिंडणं. हे असं एका दमात सांगून होतं. दुर्गाबाईचं अर्धं आयुष्य त्यात गेलं, कचरूची नोकरी गेली, जालना सुटलं आणि फाट्यावर ही कढई आली.

उन्हं कलताना फोन आला. ती हॉटेलाच्या मागं गेली, सिलेंडरच्या आडोशाला.

"आई."

"बसलास का?"

तिकडं भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी परक्या भाषेत हसत होतं. "आई, जेवून राह्यलोय. नंतर करतो."

"जेवण जातंय तुला? हितं गाव मह्या तोंडावर हसून राह्यलं. बसलास का न्हाई, तेवढं सांग आन मंग गिळ."

भारत उठून बाहेर आला असावा, आवाज कमी झाले. "स्तोयानची पोटरी धरली आई. काल सेमीफायनलला, शेवटच्या पॉइंटला. रातभर बर्फ लावला. सकाळी जिना उतरायला त्याला मह्या खांद्यावर हात टाकावा लागला."

दुर्गाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. "मंग हे आधी सांगता येत न्हाई? मी हितं दुपारपासून जळून राह्यले! सोयाबीननं सोडली म्हण ना सरळ."

"त्यानं न्हाई सोडली."

"मंग कुणी?"

"तो खेळतो म्हणत व्हता. सुई घेऊन उतरतो म्हणला. डॉक्टर म्हणला, घे, तुझ्या जबाबदारीवर. मीच जाऊन रेफरीला सांगितलं, आमची जोडी उतरत न्हाई."

"तू?"

"हाव."

"म्हंजी तो उभा व्हता, आन तू बसलास?"

"आई, ही ग्रामपंचायत न्हाई."

"मला शिकवू नको! तुला कुणी इचारलं व्हतं? पाय त्याचा, सुई त्याची. तू सगळं मैदान पळायचं व्हतंस. लहानपणापासून दुसरं केलंस काय?"

"केलं, म्हणून तर ठाऊक हाये. मी कितीबी पळालो तरी समोरचे येडे हायेत का? पयल्या चेंडूपासून त्याच्याकडंच मारणार. आन तो पळणार, कारण सुईनं दुखणं कळणार न्हाई. पोटरी फाटली तर सहा महिने घरी. त्याला घरी बसवून कोण खाऊ घालणार? बाप एसटीसारखी बस चालवतो त्याचा."

"आन तुझा काय विमान चालवतो?"

भारत हसला. ते हसणं तिला अजिबात सहन झालं नाही. "हस. तू हस. फायनल काय रोज येती का? पुन्हा कवा येईल सांग. बोल की. सोयाबीन चिडला आसंल तुझ्यावर."

"चिडलाय. बोलत न्हाई. ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेलाय."

"बघ! ज्याच्यासाठी केलंस तोच थुकला तोंडावर. चांगलं झालं." आणि तिनं फोन कापला.

कचरू मागच्या पायरीवर लसूण सोलत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "बराबर केलं पोरानं," तो लसणाकडं बघतच म्हणाला.

"तुम्ही गप बसा."

"बसलोच हाये," कचरू म्हणाला.

आता पंचाईत अशी झाली की तृप्तीनंही ऐकलं होतं, पण अर्धंच. पोटरी, बर्फ आणि जिना एवढं तिच्या कानावर पडलं आणि ती आनंदानं पुढं पळाली. आई अजून कोथिंबीर निवडायचं नाटक करत होती तोवर पोरीनं स्टेटस टाकला: दादाच्या पार्टनरचा पाय गेला, म्हणून मॅच सोडावी लागली, लव यू दादा. शहागडात बातमी पोचायला तेवढं पुष्कळ. दिवाबत्तीच्या आत वारं फिरलं. पंक्चरच्या दुकानापुढची माणसं पुन्हा हॉटेलात आली. काकासाहेबानं स्वतःहून भजी मागितली. आणि राधेश्याम आला तो हार, नारळ, शाल आणि ऑटोवर बांधलेला भोंगा घेऊनच.

"दुर्गाबाई, पयलेच सांगायचं ना! कार्यक्रम होणार म्हंजी होणार. या जल्दी, दोघंबी या."

फ्लेक्सचा सुटलेला कोपरा पुन्हा बांधला गेला. त्याखाली दोन खुर्च्या मांडल्या. कचरूला आणि दुर्गाबाईला धरून तिथं नेलं. कचरू खुर्चीवर टेकला. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. समोर फाट्यावरचं, बाजारातलं, एसटीतून नुकतंच उतरलेलं, मिळेल ते सगळं माणूस गोळा झालं होतं. पारावर तिला बसवायला आलेले चेहरेही होते, आणि आज ते टाळ्या वाजवायला आले होते. ज्या दिवसाची तिनं इतकी वर्षं वाट बघितली तो हाच होता, खोटं कशाला बोला.

राधेश्यामनं माईक घेतला. "बंधू-भगिनींनो! आज आपल्या भारतवर अन्याय झाला. आपला वाघ लढायला तयार व्हता. पण त्याच्या त्या गोऱ्या जोडीदारानं, ऐन टायमाला, पाय दुखायचं नाटक केलं! शेपूट घातलं! कुणाकडून काय घेतलं देव जाणे! आपल्या मराठी मातीतल्या पोराला परदेशात एकटं पाडून दगा दिला दगा!"

"शरम! शरम!" कुणीतरी ओरडलं. "सोयाबीनचा धिक्कार असो," काकासाहेब म्हणाला आणि हशा पिकला. पण हा हशा दुपारचा नव्हता, हा डोईफोड्यांच्या बाजूचा होता. शाल तिच्या खांद्यावर आली. नव्या कापडाचा कडक वास होता तिला.

दुर्गाबाईला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं. भारतचं नाव धुऊन निघालं होतं, तिचं तोंड वर झालं होतं, आणि ज्याच्यावर ढकललं तो हजारो कोसांवर दुसऱ्या टेबलावर एकटा जेवत होता. त्याला ना शहागड माहीत ना मराठी. त्याच्या बस चालवणाऱ्या बापाच्या कानावर यातलं अक्षरही जाणार नव्हतं. गप्प राहणं एवढं सोपं तिला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. तिनं कचरूकडं बघितलं, तो आपल्या पायांकडं बघत होता. तिनं फ्लेक्सकडं बघितलं. मग ती पुढं झाली आणि राधेश्यामच्या हातातला माईक तिनं ओढून घेतला. भोंगा कर्कश किंचाळला.

"थांबा सरपंच. सोयाबीननं नाटक केलं न्हाई." तिचा आवाज स्वतःलाच मोठा वाटला. "त्याचा पाय खरंच सुजलाय. तरी तो खेळायला तयार व्हता, सुई घिऊन. त्याला मह्या पोरानं न्हाई म्हणलं. वॉकओव्हर मह्या पोरानं दिला. घेतलं कुणाकडून? कुणाकडूनच न्हाई. आता हसायचं त्यांनी हसा."

कुणी हसलं नाही. एक ट्रक हॉर्न मारत गेला.

"मलाबी पटलेलं न्हाई," दुर्गाबाई म्हणाली. "आत्ताच भांडले मी त्याच्याशी. मी त्याच्या जागी असते तर उतरले असते, पडले असते. पण मह्या पोराच्या सत्कारासाठी दुसऱ्याच्या पोराला हितं शिव्या घालायच्या न्हाईत. तेला मराठी येत न्हाई म्हणून काहीबी बोलायचं व्हय?"

"म्हंजी बसलाच की मंग!" काकासाहेबाला राहवलं नाही.

"हाव, बसला!" दुर्गाबाईनं माईक तसाच त्याच्याकडं वळवला. "बसला, आन कामून बसला ते मी भर चौकात सांगितलं. आता तुझ्या सरपंचाला इचार, बाजार समितीला त्यांनी अर्ज कामून मागं घेतला व्हता. सांगतेत का बघ. माईक हितंच हाये."

आता मात्र गर्दी फुटली. शिट्ट्या, टाळ्या, कुणी खोकण्याचं सोंग केलं. राधेश्यामनं माईक परत घेतला, गळा साफ केला आणि "यालाच खिलाडूवृत्ती म्हणतात, बंधू-भगिनींनो" असं काहीतरी सुरू केलं. पण ऐकायला कुणी थांबलं नाही. एसटी आली, अर्धी माणसं तिकडं पळाली. उरलेल्यांत दोन तट पडले. केशरबाई नावाची भाजी विकणारी म्हातारी म्हणत होती, पोरगं शहाणं निघालं. आणि तिचाच लेक म्हणत होता, कसलं शहाणं, हातातली फायनल घालवली येड्यानं. सरपंचाच्या माणसानं दुर्गाबाईच्या खांद्यावरची शाल अलगद काढून, घडी घालून, पिशवीत ठेवली. तिनं अडवलं नाही.

हॉटेलात येऊन तिनं गॅस पेटवला, तेल तापायच्या आत बंद केला. आपण बराबर केलं की माती केली, ते तिला ठरवता येईना. पडले पण बसले नाही, हे लोकांना उद्यापासून कुठल्या तोंडानं ऐकवायचं? पण ऐकवायचं नाही असंही तिला वाटेना. तिनं फोन घेतला. या वेळी पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"पाय कसा हाये त्याचा?"

"झोपलाय. उशीखाली पाय ठिवून... म्हंजी पायाखाली उशी."

"बोलला का?"

"न्हाई."

"बोलंल. नुसता बर्फ बर्फ करू नका. आंबेहळद उगाळून लाव म्हणावं."

"आई, तुर्कस्तानात आंबेहळद?"

"मंग साधी हळद तर आसंल? मसाले तिकडूनच येतेत म्हणं. बरं, सोमवारी कुठं खेळायचं?"

"एक कझाकिस्तानचा पोरगा इचारून राह्यलाय, मह्यासंग खेळतो का म्हणून. चांगला हाये. सर्व्हिस तर लईच जोरात."

"मंग?"

"मी न्हाई म्हणलो. स्तोयानचा पाय बरा होईस्तोवर थांबतो."

"थांबतोस?" दुर्गाबाईचा आवाज डिझेल पंपापर्यंत गेला. "जो बोलत न्हाई तुझ्याशी, त्याच्यासाठी थांबतोस? किती दिवस? तवर काय माशा मारत बसणार का तिथं?"

"दोन हप्ते. फार तर तीन."

"एक हप्ता!"

"आई, पोटरी हाये ती, कणीक न्हाई मळून ठेवली की झाली."

तृप्तीनं मागून फोन मागितला, तिनं दिला नाही. गिऱ्हाईकानं चहा मागितला, तिनं कचरूला खूण केली. फोनवाला कान तापला होता. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि भांडण पुढं चालू ठेवलं.